मत्स्यालयाचे पाणी तळमजल्यावर शुद्ध करावे, मग वर चढवावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरगुती मत्स्यालयांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात. त्यांत माशांची, दिव्यांची आणि फिल्टरची माहिती भरपूर असते. पण त्या टाकीला लागणारे पाणी कोठून येते आणि वरच्या मजल्यावर कसे पोहोचते, याविषयी सहसा एक ओळही नसते. ठाण्यातील लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी सहा वर्षे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळते आहे. ते हौसेने उभे केले मुलाने. नोकरीसाठी तो बंगळूरला गेला आणि क्लाउनफिशची जोडी व दोन कोळंब्या माझ्या पदरात पडल्या. शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवूनही पाण्याच्या दाबाचा खरा धडा मला या टाकीने दिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा या टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. त्यातले दररोज सरासरी अडीच लिटर पाणी हवेत उडून जाते. उडते ते केवळ पाणी. मीठ आणि बाकीचे सारे क्षार टाकीतच राहतात. म्हणून तूट भरून काढायची ती गोड्या पाण्याने, आणि तेही शुद्ध केलेल्या. आमच्या सोसायटीतील एका सभासदांनी मला विचारले होते की, ठाण्याचे नळाचे पाणी माणसांना चालते, तर माशांना का चालू नये? प्रश्न रास्त आहे. माझ्या मीटरवर पालिकेच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, साठ-सत्तरच्या आसपास असतो, मे महिन्यात बोअरचे पाणी मिसळले की तो सहाशेच्या वर जातो. पण रोज अडीच लिटर या हिशेबाने अवघ्या अडीच महिन्यांत एक संपूर्ण टाकीभर नळाचे पाणी आत ओतले जाते आणि त्यातील नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांचा कणन् कण आत साठत राहतो. त्यातून शेवाळ माजते. आपण पाणी पिऊन टाकतो, मासे त्यातच राहतात, एवढा साधा फरक आहे. म्हणून आधी आरओचे मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणारी रेझिनची नळी, अशा दोन टप्प्यांतून काढलेले, मीटरवर शून्य दाखवणारे पाणी लागते.

बाष्पीभवनाची भरपाई आणि आठवड्याला दहा टक्के पाणीबदल, म्हणजे जुने पाणी काढून नवे भरणे, मिळून मला आठवड्याला सुमारे ४० लिटर शुद्ध पाणी लागते. पहिली दोन वर्षे मी ते वीस लिटरच्या कॅनमध्ये विकत घेऊन जिन्याने वर आणवत असे. वीस किलोचे ओझे साठ पायऱ्या चढवणाऱ्या मुलाला पैसे दिले तरी मनाला ते पटत नसे. शिवाय तो आला नाही की पाणीबदल लांबणीवर पडे आणि त्याचा त्रास माशांना होई. मग स्वयंपाकघरातच आरओ बसवला. गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे नळाला दाब नाहीच. तो बूस्टर पंपाने भागला. पण एका लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी मोरीत जाऊ लागले. आठवड्याचे ४० लिटर मिळवण्यासाठी सोसायटीचा पंप १६० लिटर पाणी गच्चीवर चढवत होता आणि त्यातले १२० लिटर मी पुन्हा गटारात सोडत होते. उन्हाळ्यात ज्या इमारतीत पाणी दिवसाआड येते, तेथे हे करणे मला शोभेना.

म्हणून शुद्धीकरण तळमजल्यावर करून केवळ तयार पाणी वर न्यावे, हा माझा आग्रह आहे. मीटरच्या खोलीशेजारच्या कोपऱ्यात यंत्र बसवले असून पाणी सोसायटीच्या भूमिगत टाकीतून घेतले जाते, कारण पालिकेच्या जोडणीला थेट पंप लावण्याची परवानगी नसते. टाकाऊ पाणी मोठ्या पिंपात जमते; त्यातून पार्किंगची फरशी आणि दुचाक्या धुतल्या जातात.

येथे एक चूक हमखास होते. यंत्राच्या पंपाला जोर आहे, मग तयार पाण्याची नळीच परस्पर तिसऱ्या मजल्यावर नेऊ, असे वाटते. मेम्ब्रेन चालते ते त्याच्या दोन बाजूंच्या दाबातील फरकावर. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब टाकतो. चार किलोच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राला तयार पाणी दहा मीटर चढवायला लावले, तर त्यातला एक किलो तिथेच संपतो, शुद्ध पाणी सुमारे चतुर्थांशाने घटते, टाकाऊ पाणी वाढते आणि गुणवत्ताही खालावते. त्यामुळे तयार पाणी आधी खाली एका झाकणाच्या खाद्ययोग्य प्लास्टिकच्या ड्रममध्ये साठवावे आणि दुसऱ्या, स्वतंत्र पंपाने वर चढवावे.

तो पंपही नीट पाहून घ्यावा. मत्स्यालयाचे किंवा कूलरचे बुडते पंप ताशी हजार लिटरची भाषा बोलतात, पण ते पाणी दोन मीटरच्या वर नेत नाहीत. खोक्यावर लिहिलेली कमाल उंची म्हणजे जेथे प्रवाह शून्य होतो ती उंची, हे दुकानदार सांगत नाही. आपल्या जलशुद्धीकरण यंत्रात असतो तो २४ व्होल्टचा लहानसा डायफ्रॅम पंप मात्र दहा-बारा मीटर सहज चढवतो. त्याची गती मंद आहे. पाव इंची नळीतून वीस लिटर पाणी चढायला मला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ मला आहे.

पहिली जोडणी करणाऱ्या कारागिराने नळीला पाणी उलट वाहू न देणारा पितळेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता. क्षार काढलेले पाणी धातूच्या बाबतीत फार भुकेले असते आणि पितळेत तांबे असते, हे मी मुलांना शिकवले होते. पण स्वतःच्या जिन्यात ते मला सुचले नाही. दहा-बारा दिवसांत एक कोळंबी खडकाखाली आडवी पडलेली दिसली, मिशा अजून हलत होत्या. दुसरी तिसऱ्या दिवशी गेली. मासे व्यवस्थित होते, कारण कोळंबीला मारणारे तांब्याचे प्रमाण मासे बऱ्याचदा सोसतात. चाचणीत तांबे निघाले. तेव्हापासून खालपासून वरपर्यंत धातूचा एक तुकडाही मी राहू दिलेला नाही.

दुसरा प्रसंग रात्रीचा आहे. नळीचे वरचे टोक माझ्या घरातल्या साठवणीच्या ड्रममधील पाण्यात बुडलेले होते, पंप बंद होता आणि पितळी व्हॉल्व्ह काढल्यावर त्या जागी दुसरा बसवायचा राहिला होता. पंपाच्या आतल्या झडपा किंचित गळत होत्या. तेवढ्याने सायफन सुरू झाला आणि सकाळपर्यंत पन्नास लिटर शुद्ध पाणी उलट खाली उतरून पार्किंगमध्ये पसरले. आता तेथे प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आहे आणि नळीचे टोक पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर टांगलेले असते. ड्रम भरला की पंप बंद करणारा फ्लोट स्विचही आहे. तो नसता, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला कधीच ओल धरली असती.

वरच्या ड्रमविषयीही थोडे लिहिते. राहत्या खोलीची जमीन भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. मत्स्यालयच पाण्यासह दोनशे किलोंच्या पुढे जाते. त्याशेजारी दोनशे लिटरचा ड्रम उभा करणे जुन्या इमारतीत धोक्याचे आहे. माझा साठ लिटरचा आहे आणि तो तुळईलगत, भिंतीला टेकून ठेवला आहे. मीठ मी वरच कालवते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. त्यामुळे नळीत आणि पंपात कधीच खारे पाणी जात नाही आणि तीच नळी दोन्ही कामांना पुरते. नळी डक्टमधून, जाड पीव्हीसी पाइपच्या आत घातली आहे, कारण उन्हात उघडी राहिलेली पांढरी नळी आतून हिरवी होते आणि वर्षभरात तडकते. नळीत रात्रभर राहिलेले पाणी, ते जेमतेम कपभर असते, आधी कुंडीत ओतते आणि मगच ड्रममध्ये सोडते.

हे सगळे उभे करण्यात सर्वांत अवघड गेली ती परवानगी. सोसायटीच्या कार्यकारिणीला सामाईक जागा, सामाईक वीज आणि पाणी या तिन्हींची काळजी वाटली, आणि ती योग्यच होती. यंत्राची वीज मी माझ्या मीटरवरून घेते, पाण्यापोटी दरमहा ठरलेली रक्कम भरते आणि डक्टमध्ये गळती झाल्यास दुरुस्तीचा खर्च माझा, असे लिहून दिले आहे. तरीही नऊ महिने गेले, कारण अशा अर्जाचे काय करायचे याचा कोणताच नियम आमच्याकडे नव्हता. आमच्या इमारतीत आता आणखी दोन घरांनी मत्स्यालयासाठी विचारणा केली आहे, आणि दोन्ही घरे स्वयंपाकघरात वेगवेगळे आरओ बसवण्याच्या बेतात आहेत. तळमजल्यावरचे एकच यंत्र तिन्ही घरांना पुरेल, डक्टमध्ये आणखी दोन नळ्यांना जागा आहे आणि टाकाऊ पाण्याचे पिंपही आहेच. येत्या वार्षिक सभेत तसा ठराव मी मांडणार आहे. इतर सोसायट्यांनी असा नियम केला असल्यास त्यांच्या सभासदांनी तो आपल्या सदरातून कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे