उजव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याबद्दल, सर

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

प्रबंधात आभाराचं एक पान असतं आणि त्या पानावरची रांग आधीच ठरलेली असते. पहिले गाईड, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव (यांना मी पाहिलं ते फक्त कॉलेजच्या सत्यनारायणाला), मग ग्रंथपाल, मग घरची मंडळी. तुम्ही ना आमच्या विद्यापीठाचे, ना माझ्या समितीवरचे. त्यामुळे तुम्ही 'ज्यांचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सहकार्य लाभले' या शेवटच्या ओळीत जाऊन पडलात. परवा बांधून आलेली प्रत हातात घेतली, ते पान उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं, थोडं रागाचंही. म्हणून हे उघडं पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते खपायचं नाही.

हे इतरही वाचतील, त्यांच्यासाठी आधी विषय सांगते. सूर्याएवढे किंवा त्याच्या काही पट वस्तुमानाचे तारे आयुष्याच्या शेवटाकडे आले की फुगतात. व्यास सूर्याच्या शेकडो पट होतो, रंग तांबडा होतो, आणि अंगावरचं द्रव्य ते अवकाशात सोडू लागतात. या टप्प्यावरच्या ताऱ्यांना एजीबी तारे म्हणतात. ते किती वेगाने झिजतात, हा माझा प्रश्न. त्यासाठी आकाशगंगेच्या मध्यावरच्या फुगवट्याकडे बघायचं, कारण तिथले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, साधारण २६ हजार प्रकाशवर्षं. म्हणजे जो जास्त तेजस्वी दिसतो तो खरंच जास्त तेजस्वी असतो. अडचण मधल्या धुळीची. थेट केंद्राच्या दिशेने येणाऱ्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांमधला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. अवरक्त प्रकाशाला ती धूळ इतकी आडवी येत नाही. युरोपची आयएसओ ही अवरक्त दुर्बीण नोव्हेंबर १९९५ मध्ये अवकाशात गेली आणि एप्रिल १९९८ मध्ये तिच्यातला द्रवरूप हेलियम संपला. आरसा अवघा ६० सेंटिमीटरचा. पण तेवढ्या काळात तिने टिपलेल्या चित्रांतून आयसोगल ही यादी तयार झाली, ७ आणि १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीवर दिसलेल्या सुमारे एक लाख स्रोतांची. ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईलासुद्धा.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय. तुमच्याकडे येण्याआधी ज्यांच्या ज्यांच्या केबिनमध्ये गेले त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, 'परमनंट की सीएचबी?' सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची, म्हटलं की मागवलेला चहासुद्धा वाटेत अडकायचा. एकांनी तर सांगितलं, 'मॅडम, आधी नेट-सेटचं बघा, आकाशगंगा कुठे पळून जात नाही.' गाईडबद्दल फार बोलत नाही. सही वेळेवर करायचे, तेवढं त्यांचं देणं मी मान्य करते. आलेख दाखवला तेव्हा मात्र त्यांनी मान वर न करता सांगितलं, 'बाहेर पडलेले ठिपके काढून टाका, रेघ सरळ येते. कोणी विचारत नाही.'

तोच आलेख घेऊन मी तुमच्याकडे आले होते. आडव्या अक्षावर २ मायक्रॉन आणि १५ मायक्रॉन यांवरच्या तेजातला फरक. तारा जितका उजवीकडे, तितकी त्याच्याभोवती स्वतःची धूळ जास्त, म्हणजे झीज जास्त. डावीकडे ठिपक्यांची दाटी, आणि उजव्या कोपऱ्यात एकच, सगळ्यांपासून लांब. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, कागद अगदी नाकापाशी नेलात. दाटीवरून नजर भरभर फिरली आणि करंगळीचं नख बरोबर त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर येऊन टेकलं.

'हा कोण?'

मी घाईघाईने सांगू लागले, की तो काढायचा राहून गेलाय, पुढच्या प्रतीत नसेल. 'काढायचा कशाला? आधी चौकशी तर करू,' म्हणालात. मग पेन्सिल घेऊन बारीकसा बाण काढलात आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलंत, 'हा कोण?' प्रश्नचिन्हासकट.

सर, पुढे तुम्ही बरंच केलंत. रात्री-अपरात्री मेलला उत्तरं दिलीत, प्रकरणं वाचलीत, माझं इंग्रजी सुधारलंत. ते सगळं एका पारड्यात आणि तो पेन्सिलीचा बाण दुसऱ्या पारड्यात टाकला तर माझं पारडं कुठे झुकेल ते तुम्हाला सांगायला नको. तोवर मला सल्ले भरपूर मिळाले होते. माझ्या आकड्यांबद्दल प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

चौकशीत काय निघालं ते इथे लिहितेच, कारण ती गोष्ट आहेच तशी. तो तारा २ मायक्रॉनवर अगदी मंद आणि १५ मायक्रॉनवर झळझळीत. स्वतःच सोडलेल्या धुळीत तो गुरफटलाय. हिशोब केला तर तो दरवर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा एक लाखावा भाग टाकतोय, म्हणजे वर्षाला तीन पृथ्व्यांहून जास्त द्रव्य. आपला सूर्य सौरवाऱ्यातून जेवढं गमावतो त्याच्या कोट्यवधी पट. अशा वेगाने सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचं आवरण पन्नास हजार वर्षांत संपतं, ताऱ्याच्या आयुष्यात हा काळ काहीच नाही. म्हणूनच असे तारे एका वेळी फार थोडे सापडतात. आणि डावीकडच्या दाटीतले बरेचसे तारे वर्षाला सूर्याचा दहा कोटींवा भाग टाकणारे. असे हजार तारे एकत्र केले तेव्हा कुठे त्या एकट्याची बरोबरी होते. फुगवट्यातले तारे मिळून अवकाशाला किती द्रव्य परत देतात, हा माझ्या प्रबंधाचा मूळ प्रश्न. रेघ सरळ करण्यासाठी जे काढून टाकायला सांगितलं होतं, त्यात उत्तराचा सगळ्यात मोठा वाटा होता!

हे द्रव्य बाहेर पडतं कसं, ते तुम्ही समजावलंत तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. तारा वर्षभराच्या आवर्तनात फुगतो-आकसतो, त्या हेलकाव्यात बाहेरचे थर वर उचलले जातात, तिथे तापमान उतरतं आणि धुळीचे कण जमतात. प्रकाश त्या कणांना बाहेर ढकलतो आणि कण जाताना वायूला सोबत घेऊन जातात, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने. 'वायूला स्वतःला प्रकाश फारसा ढकलत नाही,' तुम्ही म्हणालात, 'पण दादरला उतरायचं नसलं तरी उतरवतात ना लोक, तसं.' पुण्यात राहून दादरची आठवण काढणारे तुम्ही एकटेच असाल. लगेच पुढे म्हणालात, की हे ऐकायला सोपं वाटतं, त्यावर विश्वास ठेवू नका. फुगवट्यातले तारे बहुतेक ऑक्सिजनप्रधान. त्यांची धूळ सिलिकेटची, म्हणजे दगड-वाळूच्या जातीची, आणि ताऱ्याच्या जवळ टिकणारं लोहविरहित सिलिकेट जवळपास पारदर्शक असतं. प्रकाश शोषलाच जात नसेल तर ढकलणार काय? अप्सालाच्या सुझान हॉफ्नर यांनी २००८ मध्ये दाखवलं की कण पुरेसे मोठे, मायक्रॉनच्या आसपासचे झाले, तर प्रकाश न शोषता नुसता विखुरूनही धक्का देता येतो. तो शोधनिबंध तुम्ही छापून, टाचणी मारून मला दिलात. माझ्या तिसऱ्या प्रकरणाची पहिली पाच पानं त्याच्यावर उभी आहेत.

आणखी एक शिस्त लावलीत. आपल्याला दिसते ती धूळ, वायू दिसत नाही. वायू धुळीच्या साधारण दोनशे पट धरायचा, वाऱ्याचा वेग धरायचा, आणि मग झिजेचा आकडा काढायचा. 'धरलेलं धरलंय म्हणून लिहा. आकडा दुपटी-तिपटीने इकडेतिकडे होऊ शकतो, हेही लिहा. लाज वाटायचं कारण नाही.' व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. गाईड तेव्हा मोबाइल बघत होते.

आपल्या दारात खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. मी आनंदाने विचारलं होतं, की या ताऱ्यांभोवतीचे ओएच (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) रेणू १६१२ मेगाहर्ट्झवर मेसरसारखे, म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरसारखे, बोलतात, तर तिथून ऐकूया का? वर्णपटातली दोन शिंगं, म्हणजे दोन टोकदार उंचवटे, एकमेकांपासून किती लांब ते मोजलं की वाऱ्याचा वेग मिळतो, मग तो धरावा लागणार नाही. तुम्ही हसून म्हणालात, तिची पट्टी साडेचौदाशेच्या आसपास संपते. पण त्याच दमात, 'प्रश्न मात्र बरोबर पडला तुम्हाला.' आणि इथल्या साध्या दुर्बिणीतून बघावं तर फुगवटा ज्या दिशेला आहे ती धनू रास आपल्याकडे रात्रभर आकाशात असते ती नेमकी पावसाळ्यात, हे दुसरं दुखणं. त्यावर तुमच्याकडेही इलाज नव्हता.

अलीकडे सारखं वाटत राहतं, की चांगली माणसं अशी नजरेत न येणाऱ्या जागी काम करून गेलेली असतात. आयसोगलच्या यादीत स्रोतासमोर दर्जाचा एक अंक आहे. हे मोजमाप किती भरवशाचं, ते सांगणारा. कुणीतरी बसून ते ठरवलं असेल. कधीही न भेटणाऱ्या माणसाला 'इथे माझ्यावर फार विसंबू नका' असं आधीच सांगून ठेवलं असेल. स्ट्रासबर्गच्या केंद्रात कुणीतरी ती यादी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवली. यातल्या कोणी मला परमनंट की सीएचबी विचारलं नाही. आमच्याकडे मात्र लॅबच्या कपाटाची किल्ली मिळवायला अर्ज करावा लागतो आणि तो अर्ज कपाटातच जातो. असो. बोलले तर पत्र लांबेल आणि तासिकाही जातील.

प्रबंधाची प्रत वेगळी पाठवतेय, स्पीड पोस्टाने. आभाराचं पान उघडू नका. चौथ्या प्रकरणातला आलेख बघा. तो ठिपका जागेवर आहे आणि त्याला आता स्वतःचा क्रमांक, स्वतःचा परिच्छेद आणि स्वतःची त्रुटिरेषा आहे. मूळ कागद, तुमच्या पेन्सिलीचा, माझ्याकडेच राहील. मागू नका.

आता कामाचं. त्याचा आवर्तनकाळ अजून आपल्याकडे नाही. चिलीतल्या व्हिस्टा दुर्बिणीने २०१० पासून फुगवट्याची पुन्हा पुन्हा चित्रं घेतली आहेत, तीही सार्वजनिक आहेत. बाकीचे एजीबी तारे तिथे इतके तेजस्वी येतात की डिटेक्टर भरून जातो आणि मोजमाप वाया जातं. आपला मात्र धुळीमुळे इतका मंद आहे की तो मोजता येईल असं दिसतंय. मी कच्चा आलेख काढलाय, वर्षापेक्षा मोठा काहीतरी काळ असावा अशी शंका येते, पण मधले बिंदू विरळ आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला ताण द्यायला परवानगी कधी आहे तेवढं काकूंना विचारून कळवा, म्हणजे पाठवते. यावेळी कागद मोठा छापलाय.

आपली,
कागदोपत्री नसलेली विद्यार्थिनी