ट्यूनर घेण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोटो पाठवलेल्या दोन जुन्या एफएम ट्यूनरपैकी (रेडिओ पकडून अँप्लिफायरला देणारा डबा) एकही घेऊ नका. जपानी दिसायला फार देखणा आहे, पण तो 100 व्होल्टचा आणि त्याची पट्टी, म्हणजे तो पकडू शकतो ती स्टेशनं, 76 ते 90 मेगाहर्ट्झ. आपली नाशिक आकाशवाणी 101.4 वर, मिर्ची 98.3 वर. दोन्ही त्या पट्टीच्या बाहेर!

अमेरिकन डिजिटल 0.2 च्या टप्प्याने सरकतो. 98.3 मिळेल, पण 101.3 नंतर थेट 101.5, म्हणजे नेमकी आकाशवाणी हुकणार आणि जवळच्या आकड्यावर 'स' फाटल्यासारखा ऐकू येणार. शिवाय तिकडची डी-एम्फसिस (रेडिओने वरचे, बारीक सूर कमी करायचं ठरलेलं प्रमाण) 75 मायक्रोसेकंदांची, आपली 50. त्यामुळे सनई, टाळ दबल्यासारखे वाटतात. मागच्या बाजूला टप्पा आणि डी-एम्फसिस दोन्ही बदलायचा खटका असला तरच विचार करा, आणि तरीही 120 व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

युरोपसाठी बनलेला, 230 व्होल्टचा बघा. आई, तुझ्या बोटांना गोल फिरवायचं बटण आणि काट्याचा मीटर सोयीचा. डिजिटलच आवडला तर दुकानात तासभर चालवून प्लग काढायला सांगा, दहा मिनिटांनी परत लावा. साठवलेली स्टेशनं पुसली गेली तर आतली बॅटरी किंवा बॅकअप कपॅसिटर गेलाय. लाईट गेली की रोज नव्याने लावत बसावं लागेल.

खरा फरक अँटेनाने पडतो, त्यात कंजुषी नको. 300 ओहमच्या चपट्या वायरचा टी आकाराचा अँटेना घ्या, आडवी बाजू साधारण 1.4 मीटर. तो खिडकीजवळ उंच ताणा आणि दिशा बदलून बघा: वायरच्या दोन टोकांकडून सर्वात कमी, काटकोनातून सर्वात जास्त सिग्नल येतो. उभा धरूनही एकदा ऐका. एलईडी दिवे, मोबाईलचा चार्जर आणि राउटर यांच्यापासून लांब ठेवा; खरखर बहुधा तिथूनच येते. गच्चीवरून केबल आणायची तर ती 75 ओहमची, आणि ट्यूनरला फक्त 300 ओहमचे स्क्रू असतील तर मध्ये बालून, म्हणजे 75 चं 300 ओहमशी जुळवून देणारा छोटा जोड, हवा.

ट्यूनर अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये (AUX लिहिलेल्या जागी) जोडा, रेकॉर्ड प्लेयरसाठी असलेल्या फोनोमध्ये अजिबात नाही. तिथे आवाज घुमतो आणि फाटतो. स्टिरिओला मोनोपेक्षा बराच जास्त सिग्नल लागतो, म्हणून बातम्यांना मोनोचं बटण दाबून ठेवा.

नवे फोटो पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचाही पाठवा, व्होल्टेजचा आकडा वाचता येईल असा.

तुमची,
धाकटी