नाव जुळलं म्हणजे घराणं जुळलं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑनलाइन वंशावळीवरचा लेख वाचला. विषय छान आहे, पण चार क्लिकमध्ये शेकडो वर्षं मागे जाता येतं असा जो सूर त्यात आहे तो मला पटला नाही, म्हणून लिहितोय.

आमचे जावई मॅसॅच्युसेट्सचे. त्यांच्या आईकडचं मूळ १६३० च्या दशकात इंग्लंडहून आलेल्या एका शेतकऱ्यापर्यंत जातं आणि निवृत्त झाल्यापासून मी त्यांच्यासोबत या शोधात पार बुडालोय. अमेरिकेतली बाजू बऱ्यापैकी लागते, गावाच्या नोंदी, जमिनीचे कागद, मृत्युपत्रं पुष्कळ टिकलीयत. खरी अडचण समुद्रापलीकडे. १६२० ते १६४० मध्ये साधारण वीस हजार लोक न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या वसाहतींत, गेले, पण कितीतरी जहाजांच्या याद्या उरल्याच नाहीत आणि माणूस मूळ कुठल्या गावचा हे बऱ्याचदा कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मग लोक काय करतात, त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा इंग्लंडातल्या कुठल्यातरी पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, रजिस्टरमध्ये दिसला की तोच आपला म्हणून जोडून मोकळे होतात, दुसरा त्याची कॉपी करतो, तिसरा त्या दोघांना पुरावा समजतो, आणि बघता बघता साधा शेतकरी कुण्या सरदाराचा मुलगा होऊन बसतो!

अहो, जॉन आणि विल्यम गावोगाव होते. तो मुलगा लहानपणीच वारला नाही ना, मोठा होऊन त्याच गावात लग्न करून राहिला नाही ना, हे तरी बघायला नको का? ही रजिस्टरं १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, काही हरवलीत, पण बिशपकडे पाठवलेल्या नकला कधीकधी सापडतात. आणि इंग्लंडातल्या एखाद्या काका-मामाच्या मृत्युपत्रात न्यू इंग्लंडमधल्या भाच्या-पुतण्याला काही ठेवलं असल्याचा उल्लेख मिळाला तर तो शंभर ऑनलाइन झाडांपेक्षा मोलाचा.

तारखांचंही तसंच. तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, ही पद्धत १७५२ पर्यंत चालली. त्यामुळे लग्न एप्रिल १६३० आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६३० असं दिसलं तर मूल लग्नाआधीचं नाही, आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६३१ चा.

१६२० मध्ये वसाहतकारांना घेऊन न्यू इंग्लंडला गेलेल्या मेफ्लॉवर जहाजावरच्या जॉन हाउलंडचं उदाहरण तर वाचकांना नक्की सांगायला हवं. हा त्या वसाहतीच्या गव्हर्नर कार्व्हरचा नोकर, वाटेत वादळात समुद्रात पडला आणि दोर धरून वाचला. त्याची बायको एलिझाबेथ ही कार्व्हरच्याच रक्ताची असं कित्येक पिढ्या छातीठोकपणे सांगितलं जायचं. मग १८५० च्या दशकात लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात त्याच जहाजातून गेलेल्या विल्यम ब्रॅडफर्डचं वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित सापडलं आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं की ती जॉन टिलीची मुलगी. तिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात गेले होते. पुढे तिचा १६०७ चा बाप्तिस्मा बेडफर्डशरमधल्या हेन्लोला मिळाला. गव्हर्नरचं नातं गेलं, पण त्या पोरक्या पोरीचे खरे आईबाप परत मिळाले, मला तर हे फार मोठं वाटतं.

आणि लबाडीही झालीय. गुस्ताव्ह अँजू नावाच्या माणसाने पैसे घेऊन श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी बनवून दिल्या, त्यांच्यातली नावं आजही इंटरनेटवर फिरतायत.

बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीत रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये ग्रेट मायग्रेशनचा, म्हणजे वर सांगितलेल्या वीस हजारांच्या स्थलांतराचा, अभ्यास सुरू केला, त्यात एकेका वसाहतकाराचे मूळ कागद तपासून काय पक्कं आणि काय नाही ते वेगळं मांडलंय. नवशिक्याने आधी तिथे बघावं.

माझी विनंती एवढीच, या विषयावर पुन्हा लेख आला तर वेबसाइटच्या नावांसोबत पॅरिश रजिस्टर आणि मृत्युपत्र कसं वाचायचं यालाही अर्धं पान द्या, त्यांच्या फोटोसकट.

आपला नियमित वाचक