टेंडर ऑनलाइन झालं, आता बिलाचं बघा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब नमस्कार,

मी जळगाव जिल्ह्यातला एक छोटा कंत्राटदार. सिव्हिलचा डिप्लोमा केला, नोकरी लागली नाही, मग सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून रजिस्ट्रेशन करून या लाइनीत आलो. मोऱ्या, शाळेच्या खोल्या, गावात जाणाऱ्या रस्त्याचं खडीकरण-डांबरीकरण, असली कामं करतो. आमच्या जिल्ह्यात ठेकेदार म्हटलं की लोकांना आधी घरकुल प्रकरण (जळगाव नगरपालिकेच्या घरबांधणी योजनेतला घोटाळा) आठवतं, २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात ४८ जणांना शिक्षा सुनावली होती, त्यामुळे लग्नकार्यात कोणी धंदा विचारला तर मी सरळ इंजिनिअर आहे म्हणून सांगतो. असो.

आधी चांगलं काय झालं ते सांगतो. पूर्वी टेंडरचा कोरा फॉर्म घ्यायला ऑफिसला जावं लागायचं आणि टेंडरच्या पेटीजवळ कोणाची तरी माणसं उभी असायची, फॉर्म टाकू द्यायचा की नाही ते तीच ठरवायची. आता महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर घरी बसून डिजिटल सहीचा डोंगल लावायचा, सही करायची, ईएमडी म्हणजे बोलीची अनामत ऑनलाइन भरायची, झालं. लिफाफा ठरल्या वेळी सगळ्यांसमोर स्क्रीनवर उघडतो. हे मोठं काम झालंय आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. पण साहेब, लिफाफा उघडायची ती दहा मिनिटं सोडली तर बाकी सगळं होतं तिथेच आहे. जे आधी पेटीजवळ व्हायचं ते आता टेंडरच्या अटी लिहिताना होतं, आणि उरलेलं बिलाच्या टेबलावर.

अटींचं बघा. काम साध्या गावरस्त्याचं, आणि अट काय तर डांबर प्लांट स्वतःच्या मालकीचा पाहिजे आणि तोही साइटपासून अमुक किलोमीटरच्या आत. डांबर गार होऊन चालत नाही हे मलाही कळतं, पण मग प्लांटवाल्याशी केलेला करार का चालत नाही? त्या अंतरात प्लांट किती आणि कोणाचे हे अख्ख्या तालुक्याला माहिती असतं, म्हणजे नोटीस निघाली त्याच दिवशी काम कोणाला जाणार ते टपरीवरचा माणूसही सांगतो. ठेकेदार किती मोठं काम पेलू शकतो ते ठरवणाऱ्या बिड कपॅसिटीच्या फॉर्म्युल्याबद्दल माझी तक्रार नाही, तो आकड्यांचा हिशोब आहे, सगळ्यांना सारखाच. तक्रार या शेपटासारख्या मागून जोडलेल्या अटींची आहे.

दुसरा प्रकार क्लबिंग. छोट्या कामांची वाटणी ठरलेली आहे, काही टक्के बेरोजगार अभियंत्यांना, काही टक्के मजूर संस्थांना, उरलेली ओपन. मग करायचं काय तर पाच गावांची पाच छोटी कामं एकत्र बांधायची आणि एकच मोठं टेंडर काढायचं, की ते वाटपातूनच बाहेर. मोठा माणूस ते घेतो आणि मग आम्हालाच फोन करतो, भो, तेवढं अमुक गावचं तू करून टाक, रेट माझा. म्हणजे काम शेवटी आम्हीच करायचं, फक्त मधे एक जण वाढला.

आणि सपोर्ट, म्हणजे नुसती संख्या भरायला टाकलेलं टेंडर. पहिल्या कॉलला, म्हणजे नोटीस पहिल्यांदा निघाली की, तीन टेंडरं लागतात म्हणून एक खरं आणि दोन सपोर्टची, हे न कळणारा माणूस या धंद्यात नाही. स्पर्धा कायदा २००२ मधे संगनमताने बोली लावणं सरळ सरळ मना आहे. कॉम्प्युटरला हे पकडता येतं साहेब. छत्तीसगडच्या ई-टेंडरचं ऑडिट कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी केलं, तो अहवाल २०१९ ला आला, त्यात बोली लावणारे आणि अधिकारी एकाच कॉम्प्युटरवरून काम करत होते हे मशीनच्या नोंदीवरूनच सापडलं. आपल्याकडच्या नोंदी कोण बघतं?

आता मुद्द्याचं, बिल.

लोक विचारतात की एस्टिमेटपेक्षा २०-२५ टक्के बिलो, म्हणजे कमी दराने टेंडर भरून हे लोक कमावतात काय. प्रश्न बरोबर आहे, सरकारी दरसूचीत आमचा नफाच साधारण १० टक्के धरलेला असतो. जास्त बिलो गेलं तर जादा अनामत भरायची असते, तीही भरतात. मग हे पैसे येतात कुठून, तर काही डांबराच्या जाडीतून, काही सिमेंटमधून, आणि आमच्याकडे चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात खाली काळी माती आणि वर केळीचे ओव्हरलोड ट्रक, त्यामुळे पापुद्र्यासारखा रस्ता दुसरा पावसाळा बघत नाही. पण प्रामाणिक माणूस बिलो का जातो तेही ऐका. त्याचं मागचं बिल अडकलेलं असतं, क्रशरवाल्याची उधारी डोक्यावर, मजुरांना आठवड्याला पैसे पाहिजेत, मग नवीन काम काहीही रेटने घ्यायचं आणि त्याच्या पहिल्या रनिंग बिलातून (काम चालू असताना निघणाऱ्या बिलातून) जुनं देणं भागवायचं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही.

बिल निघतं कसं बघा. काम झालं की शाखा अभियंता एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक लिहिणार, उपअभियंता तपासणार, मग डिव्हिजनला अकाउंट्सचं टेबल, मग कार्यकारी अभियंता, आणि एवढं सगळं पार पडलं की उत्तर येतं, हेडला, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, पैसे नाहीत. कधी येतील? मार्चला बघू. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी येतो तोही मागणीच्या तुकड्याइतका, आणि तो कोणाला आधी द्यायचा हे ठरवायचा लेखी नियम मला तरी आजवर कोणी दाखवला नाही. जे मिळतं त्यातून आयकर, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार उपकर १ टक्का, विमा, अनामत, आणि गौण खनिजाच्या (खडी, मुरूम वगैरे) पावत्या कमी पडल्या तर ६०० रुपये ब्रासने रॉयल्टी, हे सगळं कापून. २०२२ च्या जुलैत सरकारी कामाचा जीएसटी १२ चा १८ झाला, तेव्हा चालू कामांचा फरक मिळवताना जे हाल झाले त्याच्यावर वेगळं पत्र होईल. कापायला माझी ना नाही, कायदा आहे. पण सरकारचं येणं त्याच दिवशी वसूल आणि आमचं येणं मार्चला बघू, हे कसं?

पैसे नसताना कामं काढली की काय होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. अमळनेरजवळ पाडळसे धरणाचं काम १९९९ ला सुरू झालं, मूळ अंदाज दीडशे कोटींच्या आतला होता, आता तो हजारो कोटींवर गेलाय. ते तुमचं खातं नाही, माहिती आहे. पण रोग तोच आहे, प्रशासकीय मान्यता भरमसाठ आणि तरतूद चिमूटभर.

यावर इलाज नवीन शोधायचा नाहीये. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ ला सूचना काढल्यात, त्यात लिहिलंय की रनिंग बिल सादर झाल्यापासून १० कामाच्या दिवसांत देय रकमेच्या निदान ७५ टक्के द्यायचे आणि उरलेले तपासणी करून २८ कामाच्या दिवसांत. त्या केंद्राच्या खात्यांसाठी आहेत, पण तुम्ही तसाच जीआर काढला तर कोणी अडवलंय? आणि जोडीला एवढं करा, जसं टेंडर कोणाला लागलं ते पोर्टलवर कोणालाही दिसतं तसंच प्रत्येक डिव्हिजनची बिलांची यादी तारखेप्रमाणे दिसू द्या, एमबी कधी लिहिली, कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, आणि निधी आला की आधी आलेल्याला आधी. एखाद्याचं बिल रांग मोडून काढलं तर कारण तिथेच लिहायचं. प्लांटची आणि क्लबिंगची अट घालणाऱ्यानेही कारण आणि सही टेंडरसोबतच टाकायची. यात सरकारचा वेगळा खर्च काय आहे? पोर्टल आहे, माणसं आहेत.

बिल वेळेवर मिळायला लागलं तर १० टक्के नफ्याचं टेंडर भरायला माझ्यासारखे भरपूर तयार आहेत, आणि मग २५ टक्के बिलोवाल्याला तू हे कसं करणार रे बाबा म्हणून विचारायचं तोंड तुमच्या इंजिनिअरला राहील, आज त्याला ते नाही, कारण मागच्या कामाचे पैसे त्यानेच दिलेले नसतात.

नाव टाकत नाही, कारण समजून घ्या, दोन बिलं अजून टेबलावर आहेत. जळगावला दौरा असला तर विश्रामगृहावर दहा मिनिटं द्या, आम्ही पाच-सहा जण एमबीच्या झेरॉक्स घेऊन येतो.

आपला,
जळगाव जिल्ह्यातला एक नोंदणीकृत कंत्राटदार