तुमच्या नातीचा विषय

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "फिजिक्स घेतलेली पोरगी आता इतिहासाच्या मागं का लागलीया?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तिनं फिजिक्स सोडलेलं नाही. विज्ञानाचा इतिहास शिकायची पहिली अटच ही, की एक तरी विज्ञान मुळापासून आलं पाहिजे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला हे कुणीही पाठ करील. पण त्यातलं गणित स्वतः सोडवून बघता येत नसेल, तर अभिमान नुसता बोलण्यापुरता राहतो. भारतीय ज्ञानपरंपरा आता कॉलेजांतही शिकवतात. अशा वेळी मूळ पोथीशी ताडून बघणारी मुलं फार हवीत, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अट जुने कागद वाचण्याची. आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातले कागद आहेत, त्यांतले कितीतरी मोडी लिपीत. म्हणून ती मोडी शिकतेय. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली जोडत जायची. शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे कुठला शब्द कुठं संपला हे आपणच ठरवायचं. चार ओळींचा अर्ज लावायला तिला अख्खी दुपार लागली. पण लागला, तेव्हा तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

आई, तुला आनंदीबाई जोशींचं माहीत आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर त्यांची नेमणूक आपल्या कोल्हापुरातच झाली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर. म्हणजे आजचं सीपीआर, तू तपासायला जातेस तेच. क्षयानं १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या आणि ते काम त्यांच्या हातून झालंच नाही. संस्थानाला तेव्हा बाई डॉक्टर का हवी होती, बायका दवाखान्यात येत होत्या का, त्यांना कोण आणायचं, असले प्रश्न तुझी नात विचारते. हे प्रश्न मला तरी फिजिक्सच्या कुठल्याही गणिताइतके महत्त्वाचे वाटतात.

आता पोटापाण्याचं. परदेशात, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात किंवा हार्वर्डला, पदवीलाच हा विषय घेता येतो. आपल्याकडे सहसा तसं नाही. एखादं विज्ञान मुख्य विषय ठेवून बाकीचं स्वतः जोडावं लागतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के पडले, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं आणि प्रबंध लिहिता येतो. तिचं सगळं लक्ष त्यावर आहे. पुढं नेट ही पात्रता परीक्षा देऊन पीएचडीची वाट आहे. बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत विज्ञानाच्या इतिहासाचं अभिलेखागार आहे, तिथं विद्यार्थ्यांना इंटर्नशिप मिळते. विज्ञान संग्रहालयं, अभिलेखागारं, वर्तमानपत्रातलं विज्ञानलेखन, अध्यापन, ही क्षेत्रं आहेत. जागा थोड्या आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. पण फिजिक्सची पदवी हातात राहतेच, त्यामुळे बाकीची दारं बंद होत नाहीत. घरातून मात्र कुणी तिचं मन मोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि बाबा, तिच्या प्रबंधाचा विषय तुमच्याच दारात आहे: राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाला १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते पुस्तकांतून सापडतं. आपल्या भोगावती नदीवरच्या राधानगरीला ही कल्पना कशी आली, कुणाच्या हातून बसली, काय बदलावं लागलं, हे तिला शोधायचंय. शाहू महाराजांनी धरणाचं काम सुरू केलं, पण ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. मधल्या वर्षांचे कागद ती कोल्हापुरात शोधेल. पण दरवाजे प्रत्यक्षात कसे वागतात, तलाव भरला की आधी कुठला उचलतो, कधी अडकतो, वंगण कशाला लागतं, हे पाटबंधारे खात्यात उमर घालवलेल्या माणसाकडूनच कळणार. ती माहिती अभिलेखागारातल्या कागदांच्या कुठल्याही रुमालात बांधलेली नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीनं ती येतेय. माळ्यावरच्या तुमच्या जुन्या डायऱ्या काढून ठेवा, पाण्याच्या पातळीच्या नोंदी असलेल्या आधी. ती मोबाइलवर रेकॉर्ड करील, तेव्हा टीव्ही बंद ठेवा. आणि आई, बाबा थकले की तूच तिला थांबव, कारण ती आपणहून थांबणारी नाही.

तुमची,
माई