कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका

मा. संपादक,

आईवडिलांचे वय झाले की बहुतेक घरांत एक कागद हमखास केला जातो, तो म्हणजे मुलाच्या किंवा मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजेच पॉवर ऑफ ॲटर्नी. उद्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला किंवा आईला स्मृतिभ्रंश झाला तर बँकेचे, घराचे व्यवहार त्यावर चालतील, असा समज असतो. तो कागद नेमका तेव्हाच निकामी होतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिची समज गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. कागद नोंदणीकृत असला तरीही. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही चालणारे मुखत्यारपत्र करता येते. तिथे राहणारी मुले तेच गृहीत धरतात आणि फसतात.

मग उरतो उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घेण्याचा मार्ग. त्यात वैद्यकीय अहवाल लागतात, वारसांचे म्हणणे ऐकले जाते. रुग्णालयाचे बिल तोवर थांबत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली प्रतिनिधी नेमता येतो, पण तो मानसिक उपचारांपुरता. ठेवीला त्याला हात लावता येत नाही.

म्हणून समज शाबूत असतानाच बँकेत जावे. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाची सही चालणारे करावे. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याची सही चालत नाही. मुदतठेवीत आणखी एक मेख आहे. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवसुद्धा मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणून दहा लाखांची एकच ठेव ठेवण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या पाच, वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या ठेवाव्यात. नॉमिनी मात्र मालक नसतो, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. मालकी मृत्युपत्राने ठरते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच. त्यांत लाभार्थी नसावा, आणि समज शाबूत असल्याचा त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, म्हणून आईवडील हयातीतच घर देऊन मोकळे होतात. पुढे सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येते. पण सांभाळाच्या अटीवर घर दिले, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हे दाखवणे आवश्यकच असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, तरी त्या प्रकरणात सांभाळाचे वचन लेखी होते. तेव्हा सांभाळाची अट आणि हयातभर राहण्याचा हक्क बक्षीसपत्रातच लिहावा. तोंडी शब्दावर राहू नये.

उपचार कुठवर करायचे, याचे वैद्यकीय इच्छापत्र २०२३ पासून सोपे झाले आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्यात निर्णय घेणाऱ्या जवळच्या व्यक्तींची नावे लिहावीत आणि प्रत फॅमिली डॉक्टरांकडेही द्यावी.

दुय्यम निबंधक कार्यालयात ज्येष्ठांचे मुखत्यारपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवताना कलम २०१ आणि कलम २३ मराठीत वाचून दाखवणे शासनाने बंधनकारक करावे, अशी आमची मागणी आहे.

– ज्येष्ठांच्या प्रश्नांवर काम करणारे काही वकील, पुणे