जर्मन संस्कृतची लेक नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या शिक्षण पुरवणीत जर्मन भाषेवर अर्धे पान आले होते. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक यांना तिकडे किती मागणी आहे, भाषेच्या ए-वन ते बी-टू या पायऱ्यांच्या परीक्षा कशा द्यायच्या, हे त्यात नीट सांगितले होते. शेजारच्या मुलाने तर ते पान कापून ठेवले आहे. मला मात्र त्यातली दोन वाक्ये खटकली. 'जर्मन ही संस्कृतपासून निघालेली भाषा असल्याने आपल्या मुलांना ती सोपी जाते' हे एक. आणि 'या भाषेत एम.ए. करण्याचा फारसा उपयोग नाही, बी-टू पुरे' हे दुसरे. मी बडोद्यात ३६ वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. ही दोन्ही वाक्ये मुलांच्या आईवडिलांनी खरी मानली तर नुकसान होईल, म्हणून लिहीत आहे.

आधी पहिले वाक्य. जर्मन संस्कृतची लेक नाही. एकाच घरातून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखांपैकी एका शाखेत संस्कृत, दुसरीत जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक ही सगळी जर्मानिक भावंडे. मी नववीच्या वर्गात फळ्यावर तीन रकाने आखत असे. संस्कृत दन्त, इंग्रजी टूथ, जर्मन त्सान. दश, टेन, त्सेन. द्वि, टू, त्स्वाय. द-चा ट झाला आणि जर्मनमध्ये पुढे ट-चा त्स झाला. याकोब ग्रिमने हा नियम १८२२ साली मांडला. परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांपैकी हा थोरला. दोन शब्दांनंतर मुले तिसरा स्वतःच ओळखायची, आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकू येत नसे.

पण याच फळ्यावर मी 'अष्ट'ही लिहीत असे. जर्मनमध्ये तो 'आख्ट' आहे. संस्कृतमध्ये जिथे ष् आहे तिथे जर्मनमध्ये घशातून येणारा ख् आहे, लॅटिनच्या 'ऑक्टो'मध्ये तर सरळ क्. घशातला हा जुना वर्ण संस्कृतने टाकला आणि त्या दोघींनी जपला. आईजवळ नसलेला दागिना लेकीच्या अंगावर कुठून येईल? संस्कृतचा मोठेपणा सांगायला ती सगळ्यांची आई असण्याची गरज नाही. तिच्याजवळ दुसरे एक धन आहे, ते असे.

माझे वडील दशग्रंथी, म्हणजे वेद-वेदांगांचे दहा ग्रंथ पाठ असलेले. बडोदे संस्थानाच्या श्रावणमास दक्षिणा परीक्षेला बसलेल्या पिढीतले. पहाटे त्यांचे अग्निसूक्त सुरू झाले की आम्ही बहिणी पांघरुणातच जाग्या व्हायचो. मुलींना संथा देत नसत, पण कानावर इतके पडायचे की अनुदात्ताला, म्हणजे खालच्या सुराला, आमचीही मान खाली जायची. त्या सूक्ताची शेवटची ऋचा 'स नः पितेव सूनवेऽग्ने सूपायनो भव' ही. बाप लेकाला जसा सहज भेटतो तसा तू आम्हाला भेट. मागच्या पावसाळ्यात माझी नात, मुलीची मुलगी, वडिलांची पोथी मांडीवर घेऊन बसली होती. 'पितेव'मधल्या 'पि'खालच्या अनुदात्ताच्या आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ही रेघ आहे ना, हिच्यामुळे जर्मनमध्ये फाटर आणि ब्रूडर वेगळे झाले."

मला हे थोडे ठाऊक होते. तिने पूर्ण समजावले. संस्कृतमध्ये पितृ, मातृ आणि भ्रातृ या तिन्हींत त आहे. जर्मनमध्ये मात्र फाटर, मुटर यांत ट, आणि ब्रूडरमध्ये ड. एकाच त-चे दोन रस्ते का झाले, हे ग्रिमला सुटले नव्हते. ते कार्ल वर्नर या डॅनिश अभ्यासकाला १८७५ साली सुटले. दुपारी पडल्या पडल्या त्याने बॉप या जर्मन अभ्यासकाचे तौलनिक व्याकरण हातात घेतले होते आणि उघडलेल्या पानावर पितृ आणि भ्रातृ हे दोन शब्द स्वरचिन्हांसह समोर आले, असे तो सांगे. 'पिता', 'माता' यांत उदात्त, म्हणजे उंच सूर, शेवटी, म्हणजे त-च्या पुढच्या स्वरावर. 'भ्राता'त तो सुरुवातीला, त-च्या आधीच्या स्वरावर. उदात्त त-च्या आधी पडला की व्यंजन एका वाटेने गेले, नंतर पडला की दुसऱ्या. जर्मानिक भाषांनी तो जुना उदात्त केव्हाच सोडला, पण जाताना त्याने व्यंजनावर खूण ठेवली. आणि तो उदात्त मुळात कुठे होता हे वर्नरला ज्या वेदपाठातून कळले, तो पाठ माझे वडील पहाटे दांडिया बाजारातल्या माडीवर अंधारात म्हणत होते. 'सूनु' हाही त्याच ऋचेतला शब्द. जर्मनमध्ये मुलगा 'झोन'.

इंग्रजीत हे दिसत नाही. फादर, मदर, ब्रदर तिन्हींतल्या मधल्या व्यंजनाचा उच्चार आज एकच. इंग्रजीने मधल्या काळात ती खूण पुसली, जर्मनने राखली. एम.ए.चा उपयोग काय, याचे माझे उत्तर इथूनच सुरू होते.

बी-टू म्हणजे भाषा वापरता येणे. दुकान, दवाखाना, कारखाना, साहेबाशी बोलणे. ते मोलाचे आहेच. जर्मानिक भाषा आणि वाङ्मयाचे एम.ए. म्हणजे त्या भाषेच्या तळघरात उतरणे. गॉथिक ही लुप्त झालेली जर्मानिक भाषा शिकायची, जिच्यात चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल आणले. त्याची चांदीच्या शाईने जांभळ्या चर्मपत्रावर लिहिलेली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. जुनी आणि मध्ययुगीन जर्मन शिकायची, स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा नॉर्स शिकायची, हस्तलिखित वाचायचे, पाठभेद लावायचे. हेच एम.ए. करणाऱ्या माझ्या नातीने पहिल्या सत्रात हिल्डेब्रांडचे गीत हे जुने जर्मन वीरकाव्य वाचले. नवव्या शतकात फुल्डाच्या मठात दोघा लेखकांनी ते एका धर्मग्रंथाच्या पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवले. अनेक वर्षांनी परतलेला बाप आणि त्याला न ओळखणारा मुलगा दोन सैन्यांच्या मधोमध उभे राहतात. बाप सांगतो मी तुझा बाप, मुलगा विश्वास ठेवत नाही. लढाई सुरू होते आणि ६८ ओळींनंतर पान संपते. शेवट हाती लागलेलाच नाही. नातीने फोनवर सांगितले तेव्हा माझ्या तोंडून निघाले, अगं हा तर आपला अर्जुन आणि बभ्रुवाहन! तिने तेच आपल्या निबंधात घेतले, आणि प्राध्यापकांनी तिला अश्वमेधपर्वातला तो भाग वर्गात वाचून दाखवायला सांगितले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या हस्तलिखिताची पाने लांबवली गेली होती. पहिले पान अमेरिकेतून परत यायला १९७२ उजाडले. एका पानासाठी इतका शोध घेणाऱ्या माणसांत ती बसली आहे, याचा मला फार आनंद आहे.

मराठीचा फायदाही इथेच आहे. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'ने आपल्या रंगभूमीला नवे वळण दिले, ते नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून घेतलेले. इब्सेन नॉर्वेचा, स्ट्रिंडबर्ग स्वीडनचा, ब्रेख्त जर्मनीचा. आपण या सगळ्यांना घरात घेतले, पण बहुतेक वेळा इंग्रजीच्या दारातून. नॉर्वेजियनमधून थेट मराठीत नाटक आणणारी माणसे किती निघतील? ती अशा एम.ए.तूनच निघतील, बी-टूमधून नव्हे. आणि आमच्या बडोद्याची मुले यासाठी चांगली तयार असतात. घरी मराठी, गल्लीत गुजराती, दोन्हींत तीन लिंगे. देर, दी, दास शिकताना हिंदी बोलणारे मूल अडखळते, आमचे मूल तो, ती, ते असे गृहीतच धरते. शब्दाचे लिंग मात्र तिथेही पाठच करावे लागते, हे सांगून ठेवते.

आता व्यवहाराचे, कारण आपल्या लेखात एम.ए.च्या प्रवेशाबद्दल एक ओळही नव्हती आणि हीच माहिती वेळेवर न मिळाल्याने आमच्या घरात एक वर्ष गेले. संस्कृतमध्ये बी.ए. झाल्यावर नातीला आम्ही शहरातल्या एका परदेशी-शिक्षण सल्लागाराकडे नेले. त्याने तिचे गुणपत्रक पाहिलेसुद्धा नाही. "मास्टर्सला इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा पुरते, मॅनेजमेंट घ्या, संस्कृतवाल्यांना दुसरे काय मिळणार?" असे म्हणाला आणि इंग्रजी माध्यमाच्या तीन अभ्यासक्रमांचे अर्ज भरायला लावले. खरी गोष्ट अशी की जर्मन भाषा-वाङ्मयाच्या एम.ए.ला बहुतेक ठिकाणी जर्मन सी-वनच्या, म्हणजे बी-टूच्या वरच्या पायरीच्या, आसपास लागते. त्यासाठी डीएसएच या जर्मनच्या परीक्षेत दुसरी पातळी किंवा टेस्टडाफ या परीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२च्या नोव्हेंबरपासून एपीएसचे, म्हणजे भारतीय पदव्या तपासणाऱ्या केंद्राचे, प्रमाणपत्र लागते आणि त्याला वेळ लागतो. हिवाळी सत्राची शेवटची तारीख बऱ्याच विद्यापीठांत १५ जुलै. आम्हाला हे कळेपर्यंत ऑगस्ट लागला होता. त्या वर्षी ती माझ्या खोलीत बसून सी-वन करत होती, आणि रोज संध्याकाळी सुरसागर तलावाला एक फेरी मारून येत होती, एकटी, कुणाशी न बोलता. ते दिवस मला अजून आठवतात.

पैशांचेही सांगते. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांची शिकवणी फी नाही, फक्त सत्राचे किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते, २०२४च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो आहे. आमच्यासाठी ही लहान रक्कम नव्हती. तिच्या आईच्या आणि माझ्या, दोघींच्या ठेवी मोडल्या. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा. नावांचा घोळ होतो तोही लक्षात ठेवावा. 'गेर्मानिस्टिक' म्हणजे मुख्यतः जर्मनच. डच वेगळी, स्कँडिनेव्हियाच्या भाषा वेगळ्या, इंग्रजी तर वेगळीच. या सगळ्यांना एका छताखाली ठेवणारे विभाग अमेरिकेत जास्त आढळतात. परदेशी जाणे शक्य नसेल तर पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, दिल्लीचे जेएनयू इथे जर्मनचे एम.ए. आहे. पुणे तर आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर.

"पुढे पोट कसे भरणार?" हा प्रश्न आमच्या नातेवाइकांनी प्रत्येक लग्नमुंजीत विचारला. अध्यापन, भाषांतर, ग्रंथालये, हस्तलिखितांची सूची, कोशाचे काम. पगार मेकॅनिकपेक्षा जास्त असेल असे मी म्हणत नाही. पण आमच्या शहराला हे काम अनोळखी नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली, प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले, आणि वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती हस्तलिखिते ताडून इथेच झाली. हेच तळघरातले काम, फक्त भाषा दुसरी. कमाटी बागेतल्या संग्रहालयाचे संचालकपद हेर्मान गोट्स या जर्मन कलेतिहासकाराने सांभाळले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. तेव्हा जर्मन शिकून काय मिळणार असे इथे कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

माझे स्वतःचे एकच सांगते. १९७९ साली संस्कृतचे एम.ए. करताना मला वाकरनागेलचे संस्कृत व्याकरण वाचायचे होते. १८९६ साली त्याचा पहिला भाग निघाला, जर्मनमध्ये. ग्रंथालयात मी ते उतरवून घेतले, दोन तास पाने उलटली, उदाहरणे तेवढी कळली, कारण ती आपली होती. त्याच्या अवतीभवतीचे एक वाक्य कळले नाही. पुस्तक परत ठेवले. वडिलांना जर्मनच्या वर्गाबद्दल विचारायची हिंमत झाली नाही, पुढे लग्न झाले. ती पाने आता माझी नात वाचते आणि रविवारी फोनवर मला मराठीत सांगते.

आपणास विनंती एवढीच की, पुरवणीत ती चूक दुरुस्त करावी आणि पुढच्या वेळी बी-टूच्या शेजारी एम.ए.लाही चार ओळी द्याव्यात, प्रवेशाच्या अटींसह आणि तारखांसह. दहावी-बारावीला संस्कृत घेतलेल्या आणि जर्मन शिकू पाहणाऱ्या बडोद्यातल्या मुलामुलींना वैदिक स्वरचिन्हे वाचायला शिकवायची माझी तयारी आहे, कसलीही फी न घेता. वडिलांची पोथी आहे. मुलींनी तर जरूर यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा